क्लॅम्प सुटल्यानंतर: प्रत्यारोपित किडनीचा ऑक्सिजन कॅमेऱ्याने कसा तपासावा

प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या जोडून त्यांवरचे क्लॅम्प (रक्त रोखणारे चिमटे) सोडल्यावर किडनी गुलाबी आणि टणक झाली, तरी तिच्या एखाद्या टोकाला रक्त कमी पडत असेल तर ते नुसत्या डोळ्यांना कळेलच असे नाही. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा, म्हणजे प्रत्येक बिंदूवरचा प्रकाश अनेक तरंगलांबींत वेगळा मोजणारा कॅमेरा, ते दाखवू शकतो. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन ७६० नॅनोमीटरजवळ जास्त प्रकाश शोषते आणि ८०० च्या आसपास ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही हिमोग्लोबिनचे शोषण सारखे होते. या फरकावरून चित्रातल्या प्रत्येक बिंदूची संपृक्तता (किती टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन आहे ते) काढली जाते. पल्स ऑक्सिमीटर फक्त धमनीतले रक्त मोजतो, इथे केशवाहिन्या आणि शिरांमधले रक्तही धरले जाते. त्यामुळे इथला आकडा बराच कमी आला तर घाबरू नये.

कॅमेऱ्याचे दिवे आधी तापू द्या, मगच काळा आणि पांढरा संदर्भ (तुलनेसाठी पूर्ण अंधाराचे आणि पांढऱ्या पट्टीचे चित्र) घ्या. शस्त्रक्रियेचा दिवा बाजूला वळवा, खोलीतले दिवे बंद करा. ओल्या पृष्ठभागावरची चकाकी चित्र बिघडवते, म्हणून कॅमेरा किंचित तिरका धरा आणि अंतर प्रत्येक वेळी तेच ठेवा. पृष्ठभागावर साचलेले रक्त ओल्या गॉजने टिपून घ्या, चोळू नका. रक्ताचा पातळ थर राहिला तर कॅमेरा किडनीऐवजी तो थरच मोजतो, कारण दृश्य प्रकाश जेमतेम मिलिमीटरभर आत जातो. चित्राला काही सेकंद लागत असतील तर तेवढा वेळ भूलतज्ज्ञांना रुग्णाचे यंत्रावरचे श्वसन थांबवायला सांगा.

शीतसाठवणीतल्या (बसवण्याआधी थंड द्रावणात ठेवलेल्या) किडनीचे चित्र घेण्यात अर्थ नाही. द्रावणाने रक्त धुऊन निघालेले असते, मग हिमोग्लोबिनच नाही तर मोजणार काय? दाता जिवंत असेल तर रक्तवाहिन्या बांधण्यापूर्वीचे एक चित्र मात्र जरूर घ्या, पुढची तुलना त्याच्याशी करता येते. रक्तप्रवाह सुरू झाल्यावर साधारण ५, १५ आणि ३० मिनिटांनी मोजा. किडनी तिच्या कायमच्या जागी बसवल्यावर, पोट शिवण्याआधी, पुन्हा मोजा. हे शेवटचे मोजमाप टाळू नका: जागेवर ठेवताना शीर मुडपते ती नेमकी इथे सापडते.

पहिल्या मोजमापावर भरवसा ठेवू नका. किडनी अजून थंड असते, ऑक्सिजन कमी वापरते आणि थंड हिमोग्लोबिनही तो सहजी सोडत नाही. आकडा चांगला दिसतो, पण ते रक्तप्रवाह उत्तम असल्याचे लक्षण नव्हे. म्हणून प्रत्येक चित्रासोबत पृष्ठभागाचे तापमान, रक्तदाब, रुग्णाला दिला जाणारा ऑक्सिजन आणि हिमोग्लोबिन लिहून ठेवा.

वरचे टोक, मध्यभाग आणि खालचे टोक अशा तीन ठिकाणी सारख्या आकाराचे चौकोन आखा आणि एकाच किडनीतला फरक पाहा. संपृक्तता कमी आणि एकूण हिमोग्लोबिनही कमी असेल तर संशय धमनीवर घ्या. संपृक्तता कमी पण हिमोग्लोबिन वाढलेले असेल तर रक्त बाहेर जाताना अडते आहे, आधी शीर तपासा. फक्त खालचे टोक मागे पडले तर तिथली छोटी जादा धमनी जोडायची राहिली किंवा बंद पडली का ते पाहा. मूत्रवाहिनीचा रक्तपुरवठाही बहुधा तिच्यावर अवलंबून असतो, त्यामुळे हा भाग छोटा म्हणून सोडून देणे महागात पडते. मोठी धमनी वाहते आहे की नाही हे मात्र डॉपलरनेच (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) ठरवा.

(यकृताला हाच नियम जसाच्या तसा लावू नका. त्याला जवळपास निम्मा ऑक्सिजन पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतून) मिळतो, त्यामुळे यकृत धमनी बंद असतानाही पृष्ठभाग बरा दिसू शकतो आणि पित्तनलिका मात्र उपाशी राहतात.)

इंडोसायनिन ग्रीन (रक्तप्रवाह पाहण्यासाठी शिरेतून दिला जाणारा रंग) द्यायचे असेल तर संपृक्ततेचे चित्र आधी घ्या. हा रंग रक्तात ८०० नॅनोमीटरजवळच प्रकाश शोषतो आणि गणित बिघडवतो. मात्रा साधारण किलोमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम. विरघळवण्यासाठी निर्जंतुक पाणीच वापरा, सलाइन नको. आयोडीनची अॅलर्जी आधी विचारून घ्या. मिथिलीन ब्लू (हाही प्रकाश शोषणारा निळा रंग) दिलेले असेल तर त्या काळातले आकडे तुलनेत धरू नका.