रूट कॅनाल खिशाला परवडलं ते असं

खालची दाढ ठणकत होती. घराजवळच्या दवाखान्यात रूट कॅनाल (दाढेच्या मुळातल्या नळ्या साफ करून भरणं) आणि त्यावर बसवायच्या कॅपचा, म्हणजे टोपणाचा, जो आकडा सांगितला, तो ऐकून दाढेपेक्षा डोकंच जास्त दुखायला लागलं. विमा नव्हता, असता तरी आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्यांत अपघात सोडला तर दातांचा खर्च बसत नाही.

मग स्वस्तात होईल म्हणून मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय गाठलं. हे महापालिकेचं. शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्जच्या आवारात आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, एक्स-रे काढला की विभागात पाठवतात. काम शिकाऊ डॉक्टर करतात म्हणून लोक बिचकतात. मला उलट बरं वाटलं. दाढेवर रबराचा पडदा ताणून ती मुलगी एकेक नळी बारीक फाइलीने साफ करायची आणि मधूनमधून तिला शिकवणाऱ्या मॅडम येऊन एक्स-रे बघायच्या. एवढी सवड खासगीत कोणाला?

वेळ मात्र जातो. फेऱ्या होतात, रजा टाकावी लागते. कॅपचे पैसे वेगळे, ते आधीच विचारून घ्या. आणि कॅप लांबणीवर टाकू नका. रूट कॅनाल झालेली दाढ सुपारी फोडतानाही तडकू शकते.