वेणीचा दोर सांधायला शिकताना

घरची होडी असल्याने मालवणात तीन पेडी दोराला डोळा, म्हणजे टोकाशी कायमचा फासा, पाडायला मी शाळेत असतानाच शिकलो: पेड उकलायचे, पिळाच्या विरुद्ध एकावरून एकाखालून खोवायचे आणि ताणून बसवायचे. काथ्याच्या दोराला तीन खेपा पुरत. नायलॉन गुळगुळीत, म्हणून त्याला निदान पाच लागत. एवढ्या भांडवलावर मी शिडाच्या नौकांच्या कामात शिरलो आणि पहिल्याच दिवशी अडलो, कारण वेणीच्या दोरात टोक पेडांमध्ये खोवायचे नसते, पोटात पुरायचे असते.

बारा पेडी पोकळ डायनिमा, म्हणजे फार मजबूत पॉलिएथिलिन धाग्याचा दोर, त्यातल्या त्यात सोपा. ताण आला की बाहेरची वेणी आवळते आणि आत पुरलेले टोक, म्हणजे शेपूट, धरून ठेवते. हा धागा फार निसरडा असल्याने पुरण्याची लांबी जाडीच्या सुमारे 72 पट ठेवतात; म्हणजे 8 मिलिमीटरच्या दोरात साधारण 58 सेंटिमीटर. शेपटातले पेड टप्प्याटप्प्याने कापून ते निमुळते करावे, नाहीतर ते जिथे संपते तिथे दोर एकदम बारीक होतो आणि नेमका तिथेच तुटतो. माझा पहिला सांधा वाऱ्यात दिवसभर टिकला, पण शीड उतरवून दोर सैल पडल्यावर फडफडत सरकला. ताण नाही तर पकड नाही, हे मला तेव्हा कळले. डोळ्याच्या मानेशी दोऱ्याचे चार टाके घालायचा मी कंटाळा केला होता.

वेणीच्या दुसऱ्या प्रकारच्या दोरात बाहेर आवरण आणि आत गाभा असतो. हे दोन्ही पॉलिएस्टरचे असतील, तर भार दोघांत वाटला जातो. म्हणून आवरण गाभ्यात आणि गाभा आवरणात, असे दोन्ही पुरावे लागतात. इथले माप फिड, म्हणजे जाडीच्या 21 पट. टोकापासून पाच फिडांवर सरकगाठ मारल्याशिवाय गाभा बाहेर काढू नये. शेवटी त्या गाठीपासून डोळ्याकडे आवरण हाताने निपटत आणावे लागते, आणि खरी दमछाक इथेच होते. खाऱ्या पाण्याने कडक झालेला जुना दोर तर या टप्प्यावर हटूनच बसतो. त्याला आधी गोड्या पाण्यात भिजत घालावे, आणि तरीही न हलल्यास नाद सोडावा. गाभा डायनिमाचा असेल तर भार एकटा गाभाच पेलतो आणि सांधाही त्याचाच करायचा असतो.

सरावासाठी नव्या दोराचे तुकडे घ्यावेत. पहिले पाच-सहा सांधे झाल्यावर ते उभे चिरून शेपूट आत कुठवर पोचले आहे ते पाहावे. माझे बहुतेक चार बोटे अलीकडेच दुमडलेले निघाले.