प्लास्टिक शीटमधून आपल्याकडच्या लाकडी मच्छीमार बोटीचं छोटं मॉडेल कसं बनवायचं

किट आणून तुकडे जोडणं वेगळं आणि कोऱ्या शीटमधून बोट उभी करणं वेगळं. कोकणातल्या हर्णै, मिरकरवाडा, मालवण इकडच्या लाकडी बोटींचं किट मला तरी कुठे दिसलेलं नाही, त्यामुळे ती हवी असेल तर आपणच मापून आपणच बनवायची. आणि मापायची घाई आहे, कारण नवीन बोटी आता जास्त करून फायबरच्या येतात आणि जुन्या लाकडी बोटीचं ड्रॉइंग सहसा कुणाकडे नसतंच, मेस्त्रीने नजरेने बांधलेली असते ती. म्हणून या लेखात मी मापं आणि खालचा सांगाडा यावरच जास्त बोलणार आहे, केबिन-बिबिन नंतर कुणालाही जमतं.

मापं घ्यायला सगळ्यात चांगला काळ म्हणजे मे अखेर ते जून सुरुवात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी वर ओढतात, आणि एरवी पाण्याखाली असलेलं पोट तेव्हाच दिसतं. हर्णैच्या बऱ्याच बोटी आंजर्ल्याच्या खाडीत येतात, तिथेही बघा. आधी मालकाला किंवा तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) विचारायचं, "काका, मॉडेल बनवतोय, जरा मापं घेऊ का?" एवढं बोललं की बहुतेकदा ते स्वतःच टेपचं दुसरं टोक धरतात. टेकू लावून सरळ उभी असलेली बोटच निवडा, कललेली असेल तर सगळी मापं चुकतील.

आता पद्धत. नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागपर्यंत दर ३ फुटांवर खडूने खूण करा, नाळेजवळ मात्र दर दीड फुटावर कारण तिथे आकार पटापट बदलतो. प्रत्येक खुणेवर वरची रुंदी मोजून निम्मी करा, मग तिथेच काठावरून ओळंबा सोडा आणि खालून वर दर फुटावर दोरीपासून फळीपर्यंतचं आडवं अंतर लिहून घ्या. निम्म्या रुंदीतून हे अंतर वजा केलं की त्या उंचीवरची अर्धी रुंदी मिळाली. बस्स, बाकी काही गणित नाही. नाळेचा बाक कसा आहे त्यासाठी माहीत असलेल्या लांबीचा बांबू बोटीशेजारी उभा करून बाजूने, जरा लांबून झूम करून फोटो काढा, जवळून काढलात तर टोकं वाकडी दिसतात.

स्केल १:२४ घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, कारण अर्धा इंच म्हणजे एक फूट, आणि बोटीवर सगळे फुटातच बोलतात. ३० फुटी बोट १५ इंचांची होते, टेबलावर मावते. ग्राफ पेपर मधोमध दुमडून प्रत्येक खुणेची अर्धी फ्रेम, म्हणजे तिथला बोटीचा आडवा छेद, काढा आणि दुमडलेलाच कापा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात.

प्लास्टिक कोणतं, तर हिप्स शीट, म्हणजे पॉलिस्टायरीन. साइनबोर्डवाले, अ‍ॅक्रिलिकवाले ठेवतात. फ्रेमसाठी २ मिमी, बाहेरच्या पट्ट्यांसाठी १ मिमी. दुकानदार कधी कधी पीव्हीसी देतो, ओळखायची सोपी युक्ती म्हणजे भरपूर मीठ विरघळवलेल्या पाण्यात तुकडा टाका, हिप्स तरंगतं, साधी पीव्हीसी शीट बुडते (फोमवाली पीव्हीसी तरंगते पण ती हाताला हलकी आणि कडेला जाळीदार लागते, लगेच कळतं). लाकूड का नाही असं विचारतात लोक, तर आपल्या दमट हवेत बाल्सा आणि पुठ्ठा वाकतो, बुरशी धरते, वाळवीचं भय वेगळंच. प्लास्टिकला यातलं काही नाही.

कापताना आरपार कापायचं नाही, कटरने दोन-तीनदा ओरखडा काढायचा आणि वाकवून तोडायचं, सरळ तुटतं.

सांगाडा उलटा बांधायचा. ओट्याचा उरलेला कडाप्प्याचा तुकडा घ्या, तो सपाट असतो. प्रत्येक फ्रेमला वरच्या बाजूने पाय वाढवून ठेवा, असे की सगळ्या फ्रेम उलट्या उभ्या केल्या की पाय एकाच पातळीत टेकतील. काठाचा पुढे वर गेलेला बाक यामुळे आपोआप बरोबर येतो, पाय शेवटी कापून टाकायचे. मधल्या कण्याला आणि फ्रेमला अर्धी अर्धी खाच पाडून एकमेकांत बसवा आणि प्रत्येक फ्रेम गुण्यात, म्हणजे कण्याला काटकोनात, आहे का ते तपासूनच चिकटवा. फ्रेमना एक-दोन भोकं नक्की पाडा, कारण चिकटवायच्या सॉल्व्हेंटची वाफ आत कोंडली की प्लास्टिक मऊ पडतं आणि काही आठवड्यांनी बाहेरून खड्डे दिसायला लागतात.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि तिथेच लोक घाई करतात. एक लांब लवचिक पट्टी घ्या, नाळेपासून मागपर्यंत फ्रेमवरून धरा आणि उजेडासमोर बघा. कुठे फट दिसते तिथे फ्रेम कमी पडलीय, तिथे पातळ तुकडा चिकटवा, कुठे पट्टी उचलली जाते तिथे घासा. फ्रेमच्या कडा पुढे आणि मागे तिरक्या घासाव्याच लागतात नाहीतर पट्टी फक्त एका कडेवर टेकते. यात एक अख्खी संध्याकाळ गेली तरी जाऊ दे, इथे राहिलेला फुगवटा नंतर पुटीने झाकत नाही, उलट रंग दिल्यावर जास्त उठून दिसतो.

पट्ट्या ६ मिमी रुंद कापा, काठापासून सुरू करा, आणि एक डावीकडे एक उजवीकडे अशाच लावा, एका बाजूच्या सगळ्या आधी लावल्या तर सांगाडा पिळतो. नाळेकडे पट्ट्या निमुळत्या करा. जास्त बाक असेल तर पट्टी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून चिमट्याने धरून वाकवा. चिकटवायला डायक्लोरोमिथेन किंवा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) हे सॉल्व्हेंट, ब्रशने सांध्याला फक्त टेकवायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. खिडक्या उघड्या आणि पंखा बाहेरच्या दिशेने, याला पर्याय नाही, आणि मुलं जवळ नकोत.

फटी भरायला उरलेले तुकडे काचेच्या बाटलीत त्याच सॉल्व्हेंटमध्ये विरघळवून ठेवा, घट्ट झालं की तेच फिलर. मग २२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून.

बोट तरंगवायची असेल तर वजनाचा हिशोब घन करून करावा लागतो. २४ चा घन १३,८२४, म्हणजे ८ टनांची बोट मॉडेलमध्ये साधारण ५८० ग्रॅम व्हायला हवी. कमी पडेल तेवढं जाळ्याचं शिसं कण्याला लागून अगदी तळाला चिकटवा, पण डेक बसवायच्या आधी टबमध्ये सोडून पुढे-मागे सरकवून बघा आणि मगच कायमचं लावा.

केबिन, विंच, डोलकाठी फोटो बघून करा. काठाला लटकवलेल्या टायरसाठी पंप दुरुस्तीवाल्याकडच्या ओ-रिंग छान दिसतात. स्प्रे रंग मात्र मुसळधार पावसात देऊ नका, दमट हवेत रंगावर पांढरी झाक येते, कोरडी दुपार मिळेपर्यंत थांबा. आधी राखाडी प्रायमर, मग पाण्याच्या रेषेखालचा रंग, मग वरचा, आणि बोटीचं नाव व नंबर शेवटी, खऱ्या बोटीवर आहे तिथेच आणि त्याच वळणाच्या अक्षरात.