झाडांच्या कामासाठी पोकलेन घेताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या झाडांच्या ठेकेदाराचं वर्ष ठरलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये मान्सूनपूर्व छाटणी, जून ते सप्टेंबर पडलेली झाडं उचलणं, मग दिवाळीनंतर प्लॉट साफ करणं, बुंधे काढणं आणि अधूनमधून पुनर्रोपण. सुरुवातीला तासावर भाड्याने आणलेल्या जेसीबीवर भागतं. मग एक दिवस भाड्याची बिलं जोडली जातात आणि स्वतःचं मशीन घ्यायचं ठरतं. शोरूममध्ये पहिला प्रश्न मात्र बकेटचा: केवढी, किती घनमीटर? झाडांच्या कामात बकेटला फार काम नसतं. तिथे मशीन ओंडका धरतं, उचलतं, फिरवतं आणि ट्रकवर ठेवतं. निवड चुकते ती बहुतेक इथेच, मातीकामाच्या हिशेबाने झाडांचं मशीन घेतल्यामुळे.

फाटक न मोजता टनेज ठरवणं

जुन्या सोसायट्यांची फाटकं बऱ्याचदा तीन मीटरच्या आसपास असतात, वर कमान असली तर उंचीही मोजावी लागते. ७-८ टनी (म्हणजे स्वतःचं वजन एवढं असलेल्या) पोकलेनची रुंदी सुमारे सव्वादोन मीटर, २० टनीची पावणेतीनच्या पुढे. २० टनी मशीन फाटकातून कसंबसं आत जाईलही, पण आत वळणार कुठे? काम वरचेवर सोसायटीतलं असेल तर शेपटीचा घेर पाहा. साध्या ७-८ टनी मशीनचं काउंटरवेट (मागचं तोल सांभाळणारं वजन, म्हणजेच शेपटी) फिरताना चेनच्या बाहेर साधारण पाऊण मीटर येतं, आणि नेमकी तिथेच कोणाची तरी पार्क केलेली गाडी असते. शून्य शेपटीचं, म्हणजे फिरताना मागचा भाग चेनबाहेर न येणारं मशीन थोडं महाग पडतं आणि त्याच वजनात बाजूला थोडं कमी उचलतं. दाटीवाटीतल्या कामाला तरीही तेच बरं.

घोडबंदर रोडच्या संकुलांत आणखी एक फसवणूक आहे: बाग जमिनीवर नसते, पोडियमच्या स्लॅबवर असते आणि खाली गाड्या उभ्या असतात. त्या स्लॅबवर अग्निशमन गाडीचा मार्ग वेगळा धरलेला असतो, पण बागेचा भाग तेवढा भार घेईलच असं नाही. सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी उत्तर मिळेपर्यंत तिथे ५ टनी मशीनही नेऊ नका. जुन्या इमारतींत हीच काळजी भूमिगत पाण्याच्या टाकीची आणि सेप्टिक टँकची. वर फरशी दिसते, आत पोकळी असते.

ओंडक्याचं वजन डोळ्यांनी मापणं

झाड उभं असताना हलकं वाटतं. ताज्या, ओल्या लाकडाचं वजन सोयीसाठी घनमीटरला एक टन धरा, जड जातीचं लाकूड त्याहून थोडं जास्तही भरतं. टेपने घेर मोजा, मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा आणि १२.५७ ने भागा. १.९ मीटर घेराचा, म्हणजे साठेक सेंटीमीटर जाडीचा पर्जन्यवृक्षाचा ओंडका तीन मीटर लांब कापला, तर आकारमान ०.८६ घनमीटर, वजन साडेआठशे किलोच्या आसपास.

आता त्यात ग्रॅब, म्हणजे बकेटच्या जागी लावायचा ओंडका धरणारा पंजा, मिळवा. ७-८ टनी मशीनचा फिरणारा ग्रॅब रोटेटरसह (त्याला फिरवणाऱ्या भागासह) अडीचशे ते चारशे किलोचा असतो, अवजार झटपट बदलायचं क्विक कपलर लावलं तर आणखी ऐंशी-शंभर. एकूण बाराशे ते साडेतेराशे. या वर्गाचं मशीन पाच मीटर अंतरावर, बाजूला, सपाट कठीण जमिनीवर ढोबळमानाने एक टन उचलतं. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून कंपनीचा उचल-क्षमतेचा चार्ट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. या हिशेबात तीन मीटरचा ओंडका बसत नाही. तो दीड मीटरवर कापावा लागेल, नाहीतर मशीन जवळ न्यावं लागेल.

चार्ट वाचण्यात तीन ठिकाणी गडबड होते. एक, चार्टमध्ये समोरचा आणि बाजूचा असे दोन आकडे असतात, विक्रेता मोठा सांगतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून ट्रक भरताना तुम्ही बाजूनेच उचलता. दोन, चार्ट बकेटसह आहे की उघड्या आर्मचा (बकेट न लावलेल्या हाताचा), हे तळटिपेत असतं. बकेटसह असेल तर बकेटचं वजन मिळवा, मग ग्रॅब आणि कपलरचं वजा करा. तीन, आयएसओ १०५६७ या उचल-क्षमतेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार छापलेला आकडा उलटण्याच्या भाराच्या ७५ टक्के किंवा हायड्रॉलिक ताकदीच्या ८७ टक्के, यांतला जो कमी असेल तो असतो. ते २५ टक्के ‘राखीव’ आहेत म्हणून वापरायचे, असा काही ऑपरेटरांचा समज आहे. ते सपाट जमिनीसाठी ठेवलेले आहेत. येऊरच्या पायथ्याच्या उतारावर किंवा घणसोलीच्या भरावावर ते आधीच खर्च झालेले असतात.

पुनर्रोपणाची कामं घेणार असाल तर गणित आणखी कडक होतं. दीड मीटर व्यासाचा, एक मीटर खोल, खाली निमुळता मातीचा गोळा झाडाच्या वजनाशिवायच दोन टनांच्या आसपास भरतो. ते काम ७-८ टनी मशीनचं नाही. खणायला ते ठेवा, उचलायला क्रेन भाड्याने आणा. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या ताकदीसाठी २० टनी मशीनचा हप्ता भरणं परवडत नाही.

‘ब्रेकरची लाइन आहे ना, मग झालं’

सगळ्यात महाग चूक हीच. आपल्याकडे मशीन बहुधा ब्रेकरच्या (दगड-काँक्रीट फोडणाऱ्या हातोड्याच्या) पायपिंगसह विकलं जातं. ब्रेकरची लाइन एकमार्गी असते: एका पाइपाने दाबाचं तेल जातं आणि दुसऱ्याने बिनदाबाचं थेट टाकीकडे परत येतं. ग्रॅबला उघडायलाही दाब लागतो आणि मिटायलाही, म्हणून त्याला दुमार्गी लाइन हवी. ग्रॅब फिरवायचा असेल तर रोटेटरसाठी दुसरी, कमी प्रवाहाची लाइन वेगळी. ही दुसरी लाइन नसली की ओंडका प्रत्येक वेळी मशीन हलवून सरळ करावा लागतो, आणि अर्धा दिवस त्यातच जातो.

झुडपं भुगा करणारं मल्चर लावायचं मनात असेल तर आणखी एक नळी लागते. मल्चरच्या मोटरमधून झिरपणारं तेल बिनअडथळा टाकीत जावं यासाठी असलेली ही केस ड्रेन. ती न जोडता मोटर चालवली तर शाफ्टचं सील उडतं, कधी पहिल्याच दिवशी. शिवाय मल्चरला प्रवाह सतत आणि मोठा लागतो. ५-६ टनी मशीनवर तो पुरत नाही, तेल तापतं आणि काम रडतखडत होतं.

म्हणून क्रम उलटा करा: आधी ग्रॅबच्या प्लेटवरचा प्रवाह (लिटर प्रति मिनिट) आणि दाब (बार) वाचा, मग मशीनच्या ऑक्झिलरी लाइनचे (जोड-अवजारांना तेल पुरवणाऱ्या लाइनचे) आकडे त्याच्याशी जुळवा. प्रवाह केबिनमधून कमी-जास्त करता येतो का, हेही विचारा. छोट्या रोटेटरला मिनिटाला वीसेक लिटर पुरतात. त्यात शंभर लिटर ढकलले तर तो गरगर फिरतो आणि सील फुटतात. हे पायपिंग कंपनीकडून, मशीनबरोबरच करून घ्या. नंतर बाहेरच्या वर्कशॉपमध्ये केलं तर स्वस्त पडतं खरं, पण पंप गेला की वॉरंटीच्या दारात पहिला प्रश्न त्याच जोडणीचा निघतो.

बूम (मशीनचा मुख्य हात) आणि आर्मच्या सिलिंडरवर होज बर्स्ट व्हॉल्व्ह आहेत का, तेही पाहा. पाइप फुटला तरी हे व्हॉल्व्ह बूम खाली पडू देत नाहीत. मातीकामात ते नसले तरी चालवून घेतात. झाडाच्या कामात लटकत्या ओंडक्याजवळ हेल्पर उभा असतो, तिथे ते हवेतच. बकेटच्या दाताला साखळी अडकवून उचलणं तर पूर्ण बंद करा, त्यासाठी कंपनीने दिलेला हूकच वापरा. ग्रॅब लगेच परवडत नसेल तर बकेटसमोर हायड्रॉलिक थंब (अंगठ्यासारखा दाबून धरणारा दांडा) बसवून घ्या. फिरत नाही, पण धरतो.

उंचीचा गैरसमज

७-८ टनी पोकलेनची बकेट सात मीटरच्या आसपास पोचते, २० टनीची दहाच्या. पर्जन्यवृक्ष पंधरा-वीस मीटर सहज जातो. म्हणजे शेंडा उतरवायला चढणारी माणसं किंवा बूम लिफ्ट लागणारच, पोकलेनने ते काम वाचत नाही. बूम टेकवून उभं झाड ढकलून पाडणं हा तर आत्मघात. वाळलेलं किंवा पोखरलेलं झाड ढकलताना हादऱ्याने वरचा भाग तुटतो आणि ढकलणाऱ्याच्याच केबिनवर येतो.

केबिनवर छताची जाळी हवी, पण ‘जाळी लावून देतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. वरून पडणाऱ्या वस्तूंपासूनच्या संरक्षणाचे दोन स्तर आहेत: पहिला १,३६५ ज्यूलचा, दुसरा ११,६०० ज्यूलचा. झाडांच्या कामाला दुसराच लागतो. स्थानिक फॅब्रिकेटरकडे वेल्ड केलेल्या पाइपांवर असा कोणताच शिक्का नसतो, उलट केबिनच्या खांबांना वेल्डिंग केल्याने ते कमजोर होतात. पुढच्या काचेवर पॉलिकार्बोनेट आणि पोटाखाली जाड पत्रा, एवढं तरी यादीत धराच.

रेडिएटर, पाला आणि आग

सुकलेली पानं, गुलमोहराची बारीक पर्णिका, करवतीचा भुसा, सगळं पंख्याने ओढलं जाऊन रेडिएटर आणि ऑइल कूलरवर बसतं. तापमान चढलं की ऑपरेटर पाणी तपासतो, पाणी पूर्ण असतं आणि दोष थर्मोस्टॅटवर जातो. आधी कूलरच्या जाळ्या पाहा. झाडांच्या कामात त्या दिवसातून दोन-तीनदा आतून बाहेर हवा मारून साफ कराव्या लागतात. उलटा फिरणारा पंखा मिळत असेल तर त्याचे पैसे द्या. सायलेन्सर आणि टर्बोजवळचा पाला रोज संध्याकाळी काढा, केबिनबाहेर हाताशी सहा किलोचा एबीसी अग्निशामक ठेवा. मशीनला आग लागली की नळ्यांमधलं तेल विझवायला फार वेळ देत नाही.

चेन, चिखल आणि जमिनीखालचं

डांबरी रस्त्यावर आणि पेव्हर ब्लॉकवर लोखंडी चेन वळली की भरपाई तुमच्या बिलातून जाते. मशीन ५-६ टनांपर्यंतचं असेल तर रबर ट्रॅक, त्यावर लोखंडी चेनला रबर पॅड. पण रबर ट्रॅक कापलेल्या बुंध्यांच्या टोकांवर फाटतो, म्हणून प्लॉट साफ करण्याचीच कामं जास्त असतील तर लोखंडी चेनच घ्या. चेन वारंवार उतरत असेल तर ताण तपासण्याआधी स्प्रॉकेट आणि रोलरमध्ये अडकलेल्या फांद्या काढा, आणि बुंध्यावर चढलेल्या स्थितीत जागच्या जागी वळू नका.

नवी मुंबईच्या खाडीकाठी भरावाखाली मऊ चिकणमाती आहे. वर सुकलेला मुरूम पाहून मशीन नेलं की एक बाजू खचते. तिथे लाकडी मॅट किंवा जाड प्लेटा टाकूनच उभं राहा. कांदळवन जवळ असेल तर २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे भोवतीचा ५० मीटरचा पट्टा आधी पाहा. ‘फक्त मशीन जायला वाट’ म्हणून तोडलेलंही तोडलेलंच असतं.

बुंधा उपटताना मुळांनी गॅसचा पिवळा पाइप, पाण्याची लाइन किंवा केबल कवटाळलेली असू शकते. जुना बुंधा एका झटक्यात ओढू नका. चारी बाजूंनी हाताने चर खणून मुळं दिसू द्या, ती कापा, मग उचला. पदपथावर बहुतेक वेळा बुंधा ग्राइंडरने जमिनीखाली तीसेक सेंटीमीटर दळून टाकणंच शहाणपणाचं. वर ११ केव्हीची तार असेल तर बूम, ग्रॅब आणि लटकता ओंडका धरून किमान तीन मीटर अंतर, आणि खरं काम तार बंद करून, अर्थिंग झाल्याचं पाहूनच.

पावसाळ्यात मुळासकट आडवं झालेलं झाड कापताना आणखी एक धोका असतो. खोड मुळाजवळ कापलं की मुळांची थाळी फट्‌कन उठून खड्ड्यात परत बसते. कापण्याआधी बकेट त्या थाळीमागे टेकवून ठेवा आणि खड्ड्याच्या बाजूला कोणालाही उभं करू नका.

ग्रॅब नीट चालत नसेल तर

उघडताना मंद आणि मिटताना ठीक असेल तर परतीची लाइन अजून ब्रेकरच्या स्थितीत आहे का पाहा, बऱ्याच मशीनवर त्यासाठी एक कॉक फिरवावा लागतो. पकडलेला ओंडका हळूहळू सुटत असेल तर ग्रॅबचा चेक व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरचं सील गेलंय. मशीनच्या पंपाला हात लावायची गरज नाही. दोन्ही दिशांना मंद असेल तर प्रवाहाची सेटिंग आणि अर्धवट बसलेला नळीचा कपलर तपासा. कपलरच्या तोंडात चिमूटभर भुसा गेला तरी तो व्हॉल्व्हपर्यंत पोचतो, म्हणून जोडण्याआधी पुसा आणि सुटल्यावर टोपी लावा. त्याच मशीनवर ब्रेकरही चालवत असाल तर हायड्रॉलिक तेल आणि रिटर्न फिल्टर पुस्तकातल्या तासांच्या बरेच आधी बदलावे लागतात.

कोटेशन घेताना दुमार्गी लाइन, रोटेटर लाइन, केस ड्रेन, होज बर्स्ट व्हॉल्व्ह, दुसऱ्या स्तराचं छत आणि सर्व्हिस इंजिनिअर तुमच्या साइटवर किती तासांत पोचेल, हे सगळं लेखी मागा. डेमो यार्डातल्या मातीवर घेऊ नका. तुमच्याच चालू साइटवर, तुमच्याच ऑपरेटरच्या हातात, टेपने मोजलेला ओंडका बाजूने उचलून ट्रकवर ठेवून पाहा.