प्रदेशाचे चित्र दाखवणारे चित्रपट कसे निवडावेत

एखादे ग्रंथालय, महाविद्यालयातील चित्रपट मंडळ किंवा सोसायटीतील उत्साही रहिवासी ‘भारताच्या निरनिराळ्या प्रदेशांतील चित्रपट’ असा वर्षभराचा कार्यक्रम आखायला बसतात, तेव्हा सहसा राज्यांची यादी समोर ठेवली जाते आणि प्रत्येक राज्यापुढे तिथला सर्वांत गाजलेला चित्रपट लिहिला जातो. ही पद्धत सोपी असली, तरी तिच्यातून राज्यांची यादी तयार होते, प्रदेशांची नव्हे. राज्याची सीमा प्रशासनाने आखलेली असते. प्रदेश मात्र पाऊस, पीक, बोली, जातव्यवस्था, बाजारपेठ आणि स्थलांतर यांतून घडतो. म्हणून ज्यात माणसांचे काम आणि त्यांचे बोलणे त्या भूमीशी घट्ट बांधलेले आहे, असा चित्रपट शोधावा. तो किती गाजला, हा प्रश्न नंतरचा.

हा निकष हाताशी बसावा यासाठी सुरुवात आपल्या घरापासून करावी. महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला महाराष्ट्र दाखवायचा, तर एकच चित्रपट कोणता देणार, असे स्वतःला विचारून पाहावे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (2016) दिला, तर करमाळ्याकडचा ऊसपट्टा, तिथले राजकारण आणि तिथली बोली मिळते. पण कोकण, विदर्भ आणि मुंबई बाहेरच राहतात. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची बायको, नवऱ्याने जिवाचे बरेवाईट करू नये म्हणून त्याच्यावर सतत पाळत ठेवते, पावसाची वाट पाहणारी ती कोरडवाहू शेती विदर्भातलीच आहे. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’त कोकण दिसते, परंतु ते आईच्या बदलीमुळे नव्याने तिथे आलेल्या मुलाच्या नजरेतून दिसते, हेही ध्यानात घ्यावे लागते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) मुंबईतील कनिष्ठ न्यायालयाचे कंटाळवाणे कामकाज आणि वकिलांची घरे एकाच शहरातले किती वेगळे थर दाखवतात! आपल्याच राज्याला चार-पाच चित्रपट लागतात, हे एकदा कागदावर उतरले की उत्तर प्रदेश किंवा कर्नाटक एका चित्रपटात उरकण्याचा मोह आपोआप कमी होतो.

दुसरी कसोटी अशी: गोष्ट उचलून दुसऱ्या प्रदेशात नेली, तर काय गळून पडते? ‘सैराट’चे हिंदी रूप ‘धडक’ (2018) उदयपूरला नेण्यात आले. प्रेमकथेचा सांगाडा तसाच राहिला. परंतु ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी पाटलाची मुलगी, गावच्या विहिरीत पोहणारी पोरे आणि प्रत्येक घराचे गावातले ठरलेले स्थान यांतून उभा राहणारा जातीचा ताण पुष्कळच पुसट झाला. जे गळून पडले, तोच प्रदेश होता. ज्या चित्रपटातून असे काहीच गळत नाही, तो कदाचित उत्तम चित्रपट असेल. प्रदेशाच्या यादीत मात्र त्याला जागा देऊ नये.

या कसोटीवर पूर्ण उतरणारे दोन चित्रपट जरा जवळून पाहण्यासारखे आहेत. राम रेड्डी यांचा ‘तिथी’ हा कन्नड चित्रपट मंड्या जिल्ह्यातील एका खेड्यात, तिथल्याच माणसांना भूमिका देऊन चित्रित झाला. त्याचे सहलेखक एरे गौडा हे त्याच गावचे. शंभरी ओलांडलेला म्हातारा मरण पावतो आणि अकराव्या दिवसाच्या विधीपर्यंत त्याचा मुलगा, नातू आणि पणतू यांच्यात काय काय घडते, एवढीच गोष्ट. जमीन कोणाच्या नावावर, जेवणावळीसाठी मटण आणायचे कुठून, पैसे कोण देणार, मेंढपाळांचा तळ कुठे पडला आहे, अशा तपशिलांतून तो मुलूख उभा राहतो. त्यासाठी एकही देखणे दृश्य मुद्दाम पेरलेले नाही. अचल मिश्र यांचा ‘गामक घर’ (2019) हा मैथिली चित्रपट दरभंगा जिल्ह्यातील एका घरात घडतो. 1998, 2010 आणि 2019 असे त्याचे तीन भाग आहेत आणि प्रत्येक भागात पडद्यावरील चौकट आधीपेक्षा रुंद होत जाते. पहिल्या भागात ओसरीवर पत्ते खेळणारे पुरुष, आंबे आणि स्वयंपाकघरातील बायका यांनी चौकट गच्च भरलेली असते. शेवटी ती सर्वांत रुंद होते आणि घर रिकामे असते. मिथिलेतून शहरांकडे झालेले स्थलांतर इथे कोणी भाषण करून सांगत नाही, आणि तरीही दुसरे काही दिसत नाही.

बोलीकडे दुर्लक्ष झाले की निवड फसलीच म्हणून समजावे. ऋषभ शेट्टी यांच्या ‘कांतारा’त (2022) किनारी कर्नाटकातील भूतकोला हा दैवताच्या नृत्याचा विधी जितका महत्त्वाचा, तितकीच कुंदापूरकडची कन्नडही, हिंदी आवृत्ती लावली की प्रेक्षकाला दैवताचे नृत्य दिसते, पण माणसांचा उच्चार हरवतो. त्यामुळे ध्वनिमुद्रण नेहमी मूळ भाषेचेच घ्यावे आणि सबटायटल्स वाचण्याचे थोडे कष्ट प्रेक्षकांवर सोपवावेत. मराठी सबटायटल्स फार क्वचित मिळतात, इंग्रजीच असतात. म्हणून सुरुवातीला पाच मिनिटे मराठीतून पात्रांची नाती, गावाची जागा आणि दोन-चार स्थानिक शब्द सांगितले, तर इंग्रजी सावकाश वाचणाऱ्या ज्येष्ठांनाही चित्रपट पोहोचतो.

‘ईशान्य भारत’ असा एकच रकाना करून त्यात एक चित्रपट बसवण्याची सवय मला फार खटकते. रीमा दास यांनी स्वतःच्या गावात, छायगाव भागात, कॅमेरा आणि संकलन स्वतः सांभाळून केलेल्या ‘व्हिलेज रॉकस्टार्स’मध्ये (2017) गिटारचे स्वप्न पाहणारी मुलगी, तिला पोहायला शिकवणारी विधवा आई आणि दरवर्षी येणारा पूर आहे, तो आसाम आहे. अरिबम श्याम शर्मा यांचा ‘इशानौ’ (1990) मणिपुरी मैतेई समाजातील मैबी परंपरेविषयी आहे: देवतेचे बोलावणे आलेली स्त्री संसार सोडते. प्रदीप कुरबा यांचा ‘इएवदुह’ शिलाँगच्या जुन्या बाजारात खासी भाषेत घडतो. या तिघांना एका नावाखाली जोडण्यासाठी नकाशावरच्या दिशेखेरीज काहीही नाही.

दिग्दर्शक त्याच प्रदेशाचा असावा, असा नियम मी करणार नाही. गौतम घोष बंगाली असले, तरी तेलंगणातील शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्यावरचा त्यांचा ‘मा भूमि’ तेलुगू प्रेक्षकांनी आपला मानला. बासू भट्टाचार्य यांच्या ‘तीसरी कसम’मध्ये (1966) बिहारच्या पूर्णिया भागाचा गाडीवान इतका खरा वाटतो, कारण मूळ कथा आणि संवाद फणीश्वरनाथ रेणूंचे आहेत. तेव्हा एकट्या दिग्दर्शकाचे आडनाव पाहू नये. कथा, संवाद आणि नट कुठले, हे एकत्र पाहावे.

राजस्थानबाबत विशेष सावध राहावे. हवेल्या, वाळूचे ढिगारे आणि रंगीत फेटे यांसाठी तिथे जाणारे चित्रपट अनेक. त्यांतील बहुतेकांची गोष्ट दुसरीकडची असते. त्याऐवजी मणि कौल यांचा ‘दुविधा’ (1973) पाहावा, जो विजयदान देथा यांच्या कथेवर आधारित असून त्यांच्याच बोरुंदा गावात चित्रित झाला आहे. त्याची गती संथ आहे, म्हणून तो कार्यक्रमात पहिला ठेवू नये.

काळाची नोंदही यादीत हवी. ‘पथेर पांचाली’ (1955) दाखवून बंगाल झाला असे मानणे, म्हणजे आजच्या बंगालला सत्तर वर्षे मागे थांबवणे होय. जुना चित्रपट घेतला, तर त्याच्या शेजारी त्याच प्रदेशाचा अलीकडचा चित्रपट घ्यावा. खरे तर जोड्या लावणे हीच मला सर्वांत उपयोगी युक्ती वाटते, आणि त्या जोडीतील दोन चित्रपटांचे एकमेकांशी पटू नये. केरळसाठी ‘कुंबळंगी नाइट्स’मधील (2019) खाडीकाठच्या मच्छीमार वस्तीतले भाऊ घेतले, तर त्यांच्यासोबत मलप्पुरममधील सात खेळाडूंच्या फुटबॉलभोवती फिरणारा ‘सुडानी फ्रॉम नायजेरिया’ (2018) घ्यावा. मग केरळ म्हणजे फक्त नारळ आणि होड्या, हा समज टिकत नाही.

नावे सापडत नसतील, तर राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या जुन्या याद्या हा चांगला ठेवा आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांसोबत तिथे शेरदुकपेन, जसरी, लडाखी, तुळू अशा भाषांतील चित्रपटही भेटतात. मात्र ही वर्गवारी भाषेची आहे. ‘हिंदी’ या एका रकान्यामागे बुंदेलखंड, अवध, माळवा, छत्तीसगड असे मोठमोठे मुलूख दडलेले असतात, हे विसरू नये. दुसरा मार्ग म्हणजे माणसांना विचारणे. पुण्या-मुंबईत प्रत्येक प्रदेशातील विद्यार्थी, परिचारिका, कारागीर राहतात. त्यांना ‘तुमच्याकडचा सर्वांत चांगला चित्रपट कोणता’ असे विचारले, तर पुन्हा गाजलेलेच नाव येते. ‘तुमच्या घरात बोलतात तसे कोणत्या चित्रपटात बोलतात’ असे विचारावे, म्हणजे उत्तर बदलते, आणि पुष्कळदा नाव सांगण्याआधी ती व्यक्ती त्यातील एखादे वाक्यच म्हणून दाखवते.

यादी ठरली की हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी. ओटीटीची घरगुती वर्गणी सार्वजनिक खेळासाठी चालत नाही. लहान निर्मात्यांना थेट लिहिल्यास ते बहुधा आनंदाने प्रत देतात, पण उत्तराला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक प्रदेशासाठी पर्यायी नाव तयार ठेवावे. आणि ज्याने चित्रपट सुचवला, त्याला खेळानंतर बोलायला बोलवावे. काय खरे उतरले आणि काय राहून गेले, हे त्याच्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही, आणि पुढच्या वर्षीच्या यादीतील दुरुस्त्या त्या बोलण्यातूनच मिळतात.