नुमेनॉरच्या दीर्घायुषी वंशाची वंशावळ लावताना या चुका टाळा

टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतला सत्त्याऐंशी वर्षांचा अ‍ॅरागॉर्न इतका तरणाबांड कसा, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: त्याच्या अंगात एल्फांचं, म्हणजे त्या जगातल्या अमर वंशाचं, रक्त आहे. टोल्किनच्या जगाची वंशावळ चुकते ती इथपासूनच.

पहिल्या युगात मॉर्गॉथ या दुष्ट शक्तीविरुद्ध एल्फांच्या बाजूने लढलेल्या माणसांना नुमेनॉर हे बेट बक्षीस मिळालं आणि त्याबरोबर इतर माणसांच्या साधारण तिप्पट आयुष्यही. हे दान तिथल्या सगळ्यांना होतं, नावाड्यालाही आणि शेतकऱ्यालाही. एल्फांचं रक्त होतं ते राजघराण्यात, कारण पहिला राजा एल्रॉस अर्ध-एल्फ होता. त्याचा सख्खा भाऊ एल्रॉन्ड याने एल्फांचं नशीब निवडलं, एल्रॉसने माणसाचं. राजघराणं प्रजेपेक्षाही जास्त जगे हे खरं. पण म्हणून प्रत्येक डूनेडाइन (नुमेनॉरच्या वंशातल्या) माणसाला अर्ध-एल्फ ठरवू नका.

पुढचा घोटाळा आकड्यांचा. एल्रॉस दुसऱ्या युगाच्या 32व्या वर्षी गादीवर आला आणि 442मध्ये वारला, म्हणून त्याचं आयुष्य 410 वर्षं, असा हिशोब सहज होतो. ती त्याची कारकीर्द आहे. जन्म पहिल्या युगातला, वय 500. युग बदललं की वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात, त्यामुळे वजाबाकी दोन टप्प्यांत करा. अ‍ॅरागॉर्नचा जन्म तिसऱ्या युगात 2931मध्ये, ते युग संपलं 3021मध्ये, आणि त्याने देह ठेवला चौथ्या युगाच्या 120व्या वर्षी. 90 अधिक 120, म्हणजे 210.

वयाला तीनने भागून ‘खरं’ वय काढण्याची सवयही सोडा. नुमेनॉरची मुलं इतरांच्याच वेगाने वाढत. लांबत असे तो भर तारुण्याचा काळ. तो सरल्यावरही जो जगण्याला चिकटून राही, तो दहाएक वर्षांतच पार जर्जर होऊन जाई. सुरुवातीचे राजे ती वेळ ओळखून आपणहून देह ठेवत. त्याला प्रथम नकार दिला तार-अतानामिरने, आणि पुढे राजांची आयुष्यं घटत गेली.

मला सर्वांत जास्त खटकते ती चूक वेगळी आहे: इतर लोकांशी लग्नं झाली, रक्त पातळ झालं, म्हणून आयुष्य घटलं. नुमेनॉर बुडाल्यावर वाचलेल्यांनी मिडल-अर्थमध्ये, म्हणजे कथेतल्या मुख्य भूमीवर, वसवलेल्या गोंडोर राज्यातल्या बंडखोरांचं म्हणणं नेमकं हेच होतं. राजपुत्र वालाकारने उत्तरेकडच्या, डूनेडाइन नसलेल्या विडुमावीशी लग्न केलं. ती इतर माणसांसारखीच अल्पायुषी ठरली, तेव्हा तिची मुलंबाळंही तशीच निघतील, ही भीती बळावली. तिचा मुलगा एल्डाकार राजा होताच तिसऱ्या युगाच्या 1432मध्ये भाऊबंदकीचं युद्ध पेटलं. ऑसगिलियथ जळालं, एल्डाकारचा मुलगा मारला गेला, त्याला स्वतःला दहा वर्षं परागंदा व्हावं लागलं. परत येऊन त्याने गादी मिळवली आणि मेला तो वयाच्या 235व्या वर्षी! पूर्वजांपेक्षा लवकर म्हातारपण त्याला आलं नाही. आयुष्य घटण्याचं कारण टोल्किनने कादंबरीच्या परिशिष्टात स्पष्ट दिलं आहे: नुमेनॉर बुडाल्यावर ते दान हळूहळू काढून घेतलं जात होतं, आणि मिडल-अर्थच्या भूमीचाही तो परिणाम होता. म्हणजे बंडखोरांचा सिद्धांत कथेनेच खोडून काढला आहे. तो कथेचा नियम म्हणून सांगणं हा एल्डाकारवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

आपल्याकडच्या वाचकाची आणखी एक गफलत होते. मनुस्मृतीत कृतयुगात 400 वर्षांचं आयुष्य पुढच्या प्रत्येक युगात एकेका चरणाने घटत जातं. तीच उतरंड आपण इथे लावतो. पण इथे ऱ्हासाची गती सगळीकडे सारखी नाही. राजे संपल्यावर गोंडोरमध्ये तो वेगाने झाला, उत्तरेतल्या डूनेडाइनांचे सरदार मात्र इतरांच्या दुप्पट जगत राहिले, आणि अ‍ॅरागॉर्नला तर पुन्हा तिप्पट आयुष्य मिळालं.

शेवटी कोष्टकाबद्दल. फक्त बापाकडून मुलाकडे रेघ ओढाल तर दोन ठिकाणी अडाल. गोंडोर आणि उत्तरेचं राज्य स्थापणाऱ्या एलेंडिलचं घराणं नुमेनॉरच्या चौथ्या राजाची थोरली मुलगी सिल्मारिएन हिच्यापासूनचं. तेव्हा राजकन्येला गादी मिळत नसे, म्हणून राज्य धाकट्या भावाकडे गेलं. दुसरी जागा फीरिएलची. गोंडोरच्या राजाची ही मुलगी उत्तरेच्या आर्वेडुईला दिली होती. त्याने गोंडोरच्या गादीवर सांगितलेला हक्क तिथल्या सभेने फेटाळला, तरी एलेंडिलचा थोरला मुलगा इसिल्डूर याच्या उत्तरेतल्या वंशात धाकट्या अनारियनचं, म्हणजे गोंडोरच्या राजांचं, रक्त आलं ते तिच्यामुळेच. तिचा चौकोन वगळला, तर अ‍ॅरागॉर्नचा गोंडोरवरचा दावा अर्धाच दिसतो.