तबेल्यात लाईट फिटिंग करताय? आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, बल्ब सगळ्यात शेवटी

नाशिकच्या पंचवटीतले टांगेवाले घ्या, लग्नाच्या घोड्या ठेवणारे घ्या नाहीतर गंगापूर रोडच्या पुढं मळ्यात हौसेनं सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडं आणून बांधणारे घ्या, बऱ्याच ठिकाणी एकच प्रकार दिसतो, मोटारीच्या पेटीतून एक वायर ओढलेली, ती शेडच्या अँगलला गुंडाळलेली आणि टोकाला होल्डरमध्ये लटकणारा बल्ब. कृपा करून असं करू नका. जनावर मुकं आहे, बांधलेलं आहे, त्याला पळता येत नाही.

आधी हे समजून घ्या की घोड्याला करंटचा धोका माणसापेक्षा जास्त का. चारही पाय जमिनीवर, पुढच्या आणि मागच्या पायात मीटरभर तरी अंतर, पायाला लोखंडी नाल, खाली मुतानं आणि पाण्यानं ओला झालेला कोबा. जमिनीत करंट उतरला की तो पुढच्या पायातून वर चढून छाती-पोटातून मागच्या पायानं बाहेर पडतो. आपण रबरी चप्पल घालून शेजारीच उभे असतो, आपल्याला काहीच जाणवत नाही आणि आपण म्हणतो घोडं उगाच बिथरलं. घोडं अचानक पाण्याच्या टाकीला तोंड लावायला बिचकायला लागलं किंवा एका ठराविक जागी उभंच राहीना, तर डॉक्टरला फोन कराच, पण आधी मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

आता काम. काम लायसनवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच्या वायरमनकडून करून घ्या, टेस्ट रिपोर्ट तो कॉन्ट्रॅक्टरच देणार. मीटरपासून तबेल्यापर्यंत आर्मर्ड केबल (वर लोखंडी तारांचं कवच असलेली) जमिनीखालून न्या, अडीच फूट खोल, वर वाळू आणि विटा. लांब असेल तर केबलची जाडी हिशोब करून ठरवायची, अंदाजानं नाही. शेतीपंपाच्या फीडरला लाईट पाळीनं येते, त्यामुळं तबेल्याची लाईन त्यावर टाकायचा विचार सोडा.

तबेल्याला स्वतःचा डीबी (स्विच बसवायचा वाटप बोर्ड) हवा, घोड्याच्या ठाणापासून, म्हणजे बांधायच्या जागेपासून लांब, बंद पेटीत. त्यात आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचाच पाहिजे. दुकानात १०० आणि ३०० चे पण मिळतात, ते आग लागू नये म्हणून असतात, शॉकपासून जीव वाचवायला ३० च लागतो. खूप जण म्हणतात एमसीबी आहे ना, पण लाईटचा ६ अँपिअरचा एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी असतो, जीव जायला अँपिअरचा अगदी छोटासा भाग पुरतो, तेवढ्यावर एमसीबी हलत पण नाही.

इन्व्हर्टरवाल्यांनी इथं नीट लक्ष द्या. इन्व्हर्टरची लाईन वेगळी ओढलेली असेल तर मेनचा आरसीसीबी तिला वाचवत नाही, इन्व्हर्टरच्या आऊटपुटला दुसरा ३० चा लावावा लागतो. आणि दोन्हीचे न्यूट्रल एकत्र केले की आरसीसीबी सारखा ट्रिप होतो, मग कोणीतरी येतं आणि तो बायपास करून जातं. ट्रिप होतोय म्हणजे काहीतरी चुकलंय, ते शोधून काढा, बायपास करून देणाऱ्याला परत बोलवू नका.

अर्थिंग तबेल्यासाठी वेगळं करा. निफाड-पिंपळगावकडं काळी जमीन, ओल धरते तोवर अर्थिंग छान मिळतं पण उन्हाळ्यात भेगा पडतात आणि सगळं कोरडं होतं, त्र्यंबक-इगतपुरीकडं थोडं खणलं की कातळ लागतो. म्हणून पाणी घालायला अर्थिंगच्या खड्ड्यावर फनेल ठेवा आणि अर्थ टेस्टरनं अर्थिंगचा रोध मे महिन्यात मोजून घ्या, पावसाळ्यात आकडा चांगलाच येतो त्यात समाधान नको. पत्रा, लोखंडी खांब, गव्हाण, पाण्याचा पाईप, हे सगळं जीआय पट्टीनं एकमेकांना आणि अर्थला जोडा. कोबा नवीन करत असाल तर आतली जाळी पण त्यातच जोडून घ्या, नंतर ते होत नाही.

वायरिंग तांब्याच्या आयएसआय वायरीनं, लाईटला दीड स्क्वेअर एमएम, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही, जाड पीव्हीसी पाईपमधून. लोखंडी पाईप नको, मुतानं आणि ओलीनं गंजतो, मुतातला अमोनिया तर तांब्याची उघडी टोकं पण खातो. उंदीर आहेतच. जॉइंट फक्त बंद बॉक्समध्ये, केबल घट्ट धरणारा ग्लँड लावून, पट्टी गुंडाळून नाही. बटणं ठाणाच्या बाहेर, घोड्याची मान पोचणार नाही अशी, कारण घोडं ओठानं सगळं चाचपून बघतं.

दिवा म्हणजे आयपी ६५ चा (धूळ, पाणी आत न जाणारा) एलईडी बल्कहेड, म्हणजे बंद कव्हरचा भिंतीला बसणारा दिवा, प्लास्टिक कव्हरचा, वर जाळी. हॅलोजन आणि जुने पिवळे बल्ब नकोत, ते तापतात आणि वर कोळिष्टकं, गवताची धूळ साठते. उंची १० फुटांच्या वर, घोडं दोन पायावर उभं राहिलं तर तोंड कुठं जातं बघा. शेड बुटकं असेल तर दिवा ठाणात नकोच, बाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीला लावा. एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन बाजूंना दोन छोटे चांगले, सावली पडत नाही. घोड्याच्या डोळ्याला उजेडातून अंधारात यायला आपल्यापेक्षा वेळ लागतो, दारात अडतं ते बऱ्याचदा त्यामुळं. रात्रभर दिवा चालू ठेवू नका, झोपेला अंधार लागतो. घोडी लवकर माजावर यावी म्हणून हिवाळ्यात १६ तास उजेड देतात, तो वेगळा विषय, ते डॉक्टरला विचारून.

कडब्याच्या आणि गवताच्या खोलीत प्लग नाही म्हणजे नाही, मोबाईल चार्जिंगलाही नाही. दाराजवळ पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर टांगा, चालू लाईनवर पाणी मारायचं नाही हे घोडं सांभाळणाऱ्या सईसला समजावून सांगा. कोळिष्टकं महिन्याला काढा, मेन बंद करून, आणि त्याच दिवशी मेन परत चालू करून आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, पडला नाही तर बदला.

काम झालं की लगेच घोडं बांधू नका. आधी वायरमनकडून मेगर (वायरीच्या इन्सुलेशनची तपासणी) करून घ्या, सगळे दिवे लावून कोबा पाण्यानं ओला करा आणि मल्टिमीटरनं खांब ते जमीन, पाईप ते जमीन, गव्हाण ते जमीन व्होल्टेज मोजायला लावा. कुठं एखादा व्होल्ट जरी दिसला तरी ते सापडेपर्यंत घोडं बाहेरच झाडाखाली राहू द्या.